डब्यांना सुटलेला वास

थंड वरणावर धरलेला पापुद्रा बोटाला लागला की मला अजूनही शिसारी येते. आधी असं नव्हतं. मी काही नाजूक घरातली नाही. आदिलाबादेत वाढले, शाळेत असताना नालीकाठच्या गाड्यावरची पाणीपुरी खाल्ली, पुढे मुलीचं सगळं हगणंमुतणं हातानं धुतलं. किळस हा शब्द माझ्या तोंडात फारसा नसायचा. तो आमच्या घरात आला तो आठवड्याचा स्वयंपाक आधीच करून ठेवायच्या माझ्या शिस्तीबरोबर.

नवरा इथल्या एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. कापसाचा सीझन लागला की त्याच्या घरी यायला वेळ-काळ राहत नाही. दुपारचं जेवण म्हणजे फाटकासमोरच्या गाड्यावरची मिरची भजी आणि वर गोड चहा. एका थंडीत त्याला सारखी तहान लागायला लागली, पायांत मुंग्या यायला लागल्या. रक्त तपासलं तर साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "गोळीपेक्षा घरचं जेवण सुधारा." हे सांगताना ते बघत मात्र माझ्याकडे होते.

मी महाराष्ट्राच्या सीमेकडच्या एका मराठी गावात सरकारी शाळेत शिकवते. सकाळची बस चुकली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नाही. त्या घाईत भाजी व्हायची ती बटाट्याची, नाहीतर नुसता तेल-तिखटातला झुणका. मुलगी सातवीत. शाळेतून आली की शेव नाहीतर नूडल्स खायची. घरी सासूबाई होत्या. आधी त्या मुधोळकडच्या आपल्या गावी राहायच्या. सासरे कोरोनात गेले, त्यानंतर नवऱ्यानं त्यांना इकडे आणलं. दुपारचं सगळं त्यांच्याच हातात होतं, पण त्यांचे गुडघे दुखायचे, ओट्याशी फार वेळ उभं राहवायचं नाही.

तेव्हा मी ठरवलं की रविवारी बसून आठवड्याचं सगळं तयार करायचं. शाळेतल्या एका बाई असंच करत होत्या आणि फोनवर आपल्या डब्यांचे फोटो दाखवायच्या. हिरवं, लाल, पिवळं, सगळं एकसारखं चिरलेलं. ते फोटो बघून मला वाटलं होतं की आपलं आयुष्यही असं डब्यांत नीट बसेल.

पहिले काही रविवार खरोखर चांगले गेले. नवरा मेथी निवडायचा, मुलगी मटारच्या शेंगा सोलायची, सासूबाई भिंतीला टेकून लसूण सोलत बसायच्या. मी कोबी, गाजर, दोडके चिरून डब्यांत भरायची. मटकीला, मुगाला मोड आणायची. कांदा-टोमॅटोचं वाटण परतून ठेवायची, तूरडाळ शिजवून ठेवायची. सासूबाईंनी दुपारी डबा काढायचा, फोडणी द्यायची, गरम भाकरी टाकायची.

"ह्ये बरं हाय," सासूबाई म्हणाल्या. "मले नुसतं गरम कराचं. आमच्या वक्ती असं अस्तं तं माहे गुडघे वाचले अस्ते."

नवऱ्यानं डबा न्यायला सुरुवात केली. गाड्यावरची भजी सुटली. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं. थंडी होती. आमच्याकडे पौषात बादलीतल्या पाण्यात हात घालवत नाही. अशा दिवसांत काहीही ठेवलं तरी टिकतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

होळी जवळ आली आणि उन्हं तापली. एका संध्याकाळी शाळेतून येऊन फ्रिज उघडला आणि एक वास अंगावर आला. नासलेल्या दुधाचा नव्हता, दुधाचा वास मला ओळखता येतो. हा ओल्या फडक्याचा, आंबलेल्या डाळीचा आणि मधेच कुठेतरी गोडसर असा होता. गोडसर होता म्हणून तो जास्त घाण वाटला. मी डबे हुंगून पाहिले. कोबीच्या डब्याच्या झाकणाला आतून पाण्याचे थेंब लोंबत होते. झाकण काढल्याबरोबर गटाराचं तोंड उघडल्यासारखं झालं. कोबी फेकला. मागचं काही न हलवता सोडा टाकून फ्रिज पुढून पुसला, लिंबाची फोड ठेवली. दुसऱ्या दिवशी लिंबालाही तोच वास.

"तुले येऊन राह्यला का वास?" मी नवऱ्याला विचारलं.

त्यानं फ्रिजमध्ये डोकं घातलं, दोनदा नाक ओढलं. "मले त काही नाही येत."

त्याचं नाक सीझनभर बंदच असतं. जिनिंगमध्ये कापसाची बारीक रुई हवेत उडत असते, ती त्याच्या भुवयांवर, कानांच्या केसांवर बसलेली असते. रात्रभर तोंडानं श्वास घेतो. त्याचं काय विचारायचं. मुलीला विचारलं तर ती खांदे उडवून निघून गेली. ती घरचं खात होती की कोण जाणे. सासूबाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी डबा नाकाशी नेला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "चांगलं हाय की. काही वास-गिस नाही. तुवं नाकच लय तिखट हाय."

घरात तीन माणसं नाही म्हणतात तेव्हा आपल्यालाच काहीतरी झालंय असं वाटायला लागतं. मला मळमळायचं. बसमध्ये शेजारच्या बाईच्या केसांच्या तेलातही मला तोच वास यायचा. फ्रिज उघडायच्या आधी मी श्वास धरायची, हवं ते ओढून काढायची आणि पायानं दार ढकलायची. डबेही बघवेनात. ते हळदीनं पिवळे पडले होते, बुडाशी तेलाचा चिकट थर, घासला तरी न जाणारा. झाकणाच्या खाचेत काळी रेघ जमलेली. काडी घालून ती काढली तर काडीच्या टोकावर काळं लोण्यासारखं काहीतरी आलं. ती काडी मी अंगणाबाहेर नेऊन टाकली.

मग शाळेतला तो दिवस. मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या डबे उघडून बसलो होतो. मी झाकण काढलं, चमचा घातला, वर उचलला, तर चमच्याबरोबर मटकीची तार वर आली. लांब, पांढरट, लाळेसारखी. ती तुटेना. त्या फोटोवाल्या बाई समोरच होत्या. त्यांनी बघितलं आणि लगेच खिडकीकडे मान वळवली. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं, ते मला त्या तारेपेक्षा जास्त लागलं. मी डबा बंद केला, शाळेमागे गेले आणि पोटात होतं नव्हतं ते ओकले. सकाळचा चहाच होता. पोटातून आलेल्या पाण्यालाही तोच आंबूस वास आहे असं मला तेव्हा वाटलं.

त्याच आठवड्यात मुलीला जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत पोरगी पांढरीफटक पडली. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं का?" मुलगी हळूच म्हणाली, "नाही. आजीनं दिलेलं वरण-भात." रात्री तिला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत सुट्टी सांगितली आणि घरी राहिले. मुलगी खोलीत झोपली होती. मी तिच्याजवळ बसले होते. तिथून उघड्या दारातून स्वयंपाकघर सरळ दिसतं. दुपार झाली तशा सासूबाई उठल्या. त्यांनी फ्रिजमधून डाळीचा डबा काढला. मग अगदी मागे हात घालून एक वाटी काढली, वर ताटली झाकलेली. वाटीतलं वरण कधीचं होतं देव जाणे. ते त्यांनी डब्यात ओतलं, चमच्यानं ढवळलं. मग आणखी एक वाटी. तिच्यात दोडक्याची उरलेली भाजी, तीही त्यातच. सगळं पातेल्यात ओतून गॅसवर ठेवलं.

आता मला कळलं. दुपारी गरम केलेलं उरलं की त्या ते टाकत नव्हत्या. कोमट असतानाच डब्यात परत ओतायच्या, नाहीतर वाटीत मागे सारायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर नवं. आमच्या घरात आठवड्याचं वरण कधी संपतच नव्हतं. जुन्यात नवं मिसळून आम्ही तेच खात होतो. गेल्या महिन्यात खाल्लेला प्रत्येक घास मला आठवायला लागला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

मी उठून गेले. पातेल्यात बारीक फेस येत होता. उकळी यायच्या आधीच कडेनं बुडबुडे धरले होते, आणि वास असा की डोळ्यांत पाणी आलं. मी गॅस बंद केला.

"आई, ह्ये विटलं हाय."

"काऊन? काल-परवाचंच त हाय."

"वास घेऊन पाहा."

त्यांनी पातेल्यावर वाकून वास घेतला. त्यांचा चेहरा तसाच राहिला. त्या वासावर माणसाचा चेहरा तसा राहूच शकत नाही. नाक आक्रसतं, मान मागे जाते, डोळे बारीक होतात. त्यांचं काहीच झालं नाही. वाफ त्यांच्या चष्म्यावर बसली, त्या पुसायला लागल्या.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. पण आवाज खाली आला होता.

मी फळीवरून हिंगाची डबी काढली, झाकण उघडलं. "डोळे मिटा जरा."

"कायले?"

"मिटा."

त्यांनी डोळे मिटले. मी डबी नाकाखाली धरली. स्वयंपाकघरभर हिंगाचा वास पसरला होता.

"सांगा, काय हाय?"

त्यांनी लांब श्वास ओढला. मग विचारल्यासारखं म्हणाल्या, "कापूर?"

मी डबीचं झाकण लावलं. त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातातली डबी बघितली आणि स्टुलावर बसल्या. पदरानं तोंड पुसलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तो ताप आल्ता तवापासून."

"आणि कोणालेच नाही सांगितलं?"

"कोणाले सांगू? तिकडं मानूस गेलता. दवाखान्यातून त्याहीचं तोंडबी दाखवलं नाही. तवा मी काय सांगू, का मले वास येऊन नाही राह्यला? मंग वाटलं येईन. आला नाही. चवबी अर्धीच हाय. तिखट समजते, मीठ समजते. बाकी सारं सारखंच लागते."

म्हणजे तेव्हापासून त्या आमच्या घरात सवयीवर स्वयंपाक करत होत्या. फोडणी तडतडली की ती झाली असं कानानं समजायचं, भाकरी डोळ्यानं पाहायची. प्रत्येक डबा नाकाशी नेऊन बघायच्या, कारण तसंच करायचं असतं. त्यांच्या गावच्या घरी अन्न टाकत नसत, ती सवय हाताला होतीच. पण तिथं फ्रिज नव्हता. उरलेलं संध्याकाळी गाईपुढे जायचं. इथं गाय नव्हती, मागे हात घालून ठेवायला जागा होती.

माझ्या मनात दया आली असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा आली नाही. मी फक्त म्हणाले, "तुमी पोरीजवळ जाऊन बसा," आणि फ्रिज रिकामा करायला घेतला.

ते काम माझ्या आयुष्यातल्या घाण कामांत सगळ्यात वरचं. नाकाला ओढणी बांधली. मागच्या बाजूला ताटल्यांखाली झाकलेल्या वाट्याच वाट्या निघाल्या. एकीत भात होता, त्यावर गुलाबी बुरशी, मखमलीसारखी. एकीत ताकाचं काहीतरी, त्याचं खाली पिवळं पाणी आणि वर रबरासारखी चकती. ती चकती बादलीत पडताना पच्च आवाज झाला, तो माझ्या कानांत अजून आहे. आंबाडीची भाजी काळी पडून वाटीला चिकटली होती. मुगाच्या मोडांचा लगदा झाला होता, बोट लावलं तर बुळबुळीत, पोटातल्या आतड्यासारखा. भाज्यांच्या कप्प्याच्या तळाशी तपकिरी पाणी साचलेलं, त्यात एक झुरळ उताणं. परसात खड्डा करून सगळं पुरलं. माती ओढतानाही वास येत होता. प्लास्टिकचे डबे मी धुतलेच नाहीत, सगळे कचरागाडीत टाकले.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा फ्रिज दार उघडं ठेवून वाळत घातला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो हात न धुता तसाच बसून राहिला.

"म्हणजे आपण त्येच खात होतो?"

"हो."

तो उठून मोरीत गेला आणि मोठ्यानं खाकरत चूळ भरत राहिला. नुसतं ऐकूनच त्याला खाल्लेलं सगळं तोंडात आलं होतं. मग तोंड पुसत आईच्या खोलीत गेला. आतून त्याचा आवाज आला, "माय, मले त सांगाचं होतं," आणि त्यावर सासूबाईंचं, "तुह्या बापाचंच तुले लय होतं." पुढचं मला ऐकू आलं नाही. ऐकायला मी थांबलेही नाही.

नाक-कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, येईल किंवा येणार नाही, सांगता येत नाही. लवंग, निलगिरी, लिंबू रोज हुंगत जा म्हणाले. सासूबाई काही दिवस तसं करत होत्या, मग सोडलं. "नुसतं नाक चोळून काय होते," म्हणाल्या.

रविवारची तयारी मी बंद केली नाही. नवऱ्याची साखर काही माझ्या किळसेसाठी थांबणार नव्हती, आणि सकाळची बसही. पण आता शिजवलेलं काही ठेवत नाही. ज्वारी निवडून दळून आणतो. डाळ धुवून उन्हात वाळवून ठेवली की सकाळी लवकर शिजते. शेंगदाण्याचं कूट, जवसाची चटणी, भाजलेले तीळ, सगळं कोरडं आणि काचेच्या बरण्यांत, आत काय चाललंय ते दिसेल असं. पालेभाजी निवडून कागदात गुंडाळते, चिरत नाही. चिरायचं सकाळी, तेही नवऱ्यानं. तो जाड-जाड चिरतो, कच्चं राहतं, आम्ही खातो. उरलं तर संध्याकाळी कोपऱ्यावरच्या घराच्या म्हशीला जातं. वाटीवर ताटली झाकून फ्रिजमध्ये काही ठेवायचं नाही, हे मी सासूबाईंना एकदा जरा कडक शब्दांत सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मंग मले कसं समजन, काय चांगलं हाय न काय नाही?"

"मले विचारा. मी घरी नसली त पोरीले विचारा."

तेव्हापासून मुलगी शाळेतून आली की आजी तिच्यासमोर भांडं धरते, मुलगी वास घेऊन सांगते. पहिले पहिले ती नाक मुरडायची, आता हातातला मोबाईल खाली न ठेवताच "चांगलं हाय" म्हणते. मी तिला दरडावते की नीट घे.

नवऱ्याची साखर उतरली आहे, पूर्ण नाही. सीझन संपला की त्याचं नाक उघडतं आणि मग तोच मला फ्रिजमधलं काहीबाही दाखवायला येतो. मी मात्र जशी होते तशी राहिले नाही. लोकांकडे जेवायला गेले की पहिला घास तोंडात घालायच्या आधी नकळत नाकाशी नेते. यजमानीणबाईंच्या ते लक्षात येतं, त्यांचा चेहरा पडतो, आणि नवरा मला टेबलाखालून पाय लावतो. मोड आलेलं कडधान्य मी आजही खाऊ शकत नाही. शाळेत कोणी आठवड्याच्या डब्यांचे फोटो दाखवायला लागलं की मी वह्या तपासायला घेते.

परवा सासूबाई ओट्यापाशी स्टुलावर बसून भाकरी थापत होत्या. मी बाजूला भाजीला फोडणी देत होते, कांदा तांबूस होत आला होता.

"कसा येऊन राह्यला वास?" त्यांनी विचारलं. असं त्या कधी विचारत नाहीत.

मी विचार केला. घाण वास कसा असतो हे मला कितीही वेळ सांगता आलं असतं. चांगल्या वासासाठी शब्द सापडेना.

"कांद्याचा येतो," मी म्हणाले. "गोड. जरासा करपल्यासारखा."

"जिऱ्याचा?"

"तोबी येतो. मागून."

त्यांनी मान हलवली, भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि पुढचा उंडा मळायला घेतला.